हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढलीत? मग मागचं तेल बघा

गणपतीला गावी जायची तारीख ठरली की लालबाग-परळमध्ये घरोघरी गाडीची तयारी सुरू होते. चाकात हवा, कूलंट, नवे वायपर, इंजिन ऑइल, कॅरिअरला बांधायची दोरी. 'सर्व्हिसिंग झालं' म्हणून बाबा निश्चिंत. यंदा निम्मी गाडी आपल्या हातात असणार म्हणून तुम्हीही खूश. पण या सगळ्यात मागच्या डिफरन्शियलचं तेल कोणी बघितलं का? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर 'ते काय असतं?' असंच येईल.

आधी हा प्रश्न तुमच्यासाठी आहे का ते बघू. घरी स्विफ्ट, वॅगनआर किंवा आय-टेन असेल तर नाही. या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. पण ईको, जुनी ओम्नी, बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांना इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर मिळते. गाडीच्या मागे जाऊन खाली वाका. दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या मधोमध लहान कलिंगडाएवढा लोखंडी गोळा दिसेल. तेच डिफरन्शियल. आता जरा आठवून बघा, शाळेच्या मुलांची व्हॅन, केटररची गाडी, सात माणसं आणि पोतंभर सामान घेऊन कोकणात जाणारी गाडी, या बहुतेक अशाच असतात. म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त ओझं आणि बऱ्याचदा घरचं पोटही अवलंबून, त्यांचाच हा भाग कोणी बघत नाही.

मेकॅनिकल शाखेवाल्यांनी डिफरन्शियलची आकृती पेपरात काढलेली असते. बाकीच्यांसाठी थोडक्यात: वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी ही यंत्रणा. तिथेच क्राऊन-पिनियनची जोडी असते, जी शाफ्टमधून आलेली ताकद काटकोनात वळवून चाकांकडे देते. या जोडीचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घसरतातही. साधं तेल तिथे चिरडून बाजूला होतं. म्हणून या तेलात गंधक-फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात, जी धातूवर पातळ थर धरतात. त्याचा तो कुबट वास यामुळेच.

गिरगावात, दादरला टॅक्सीस्टँडवर उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवतात? शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये पद्मिनी टॅक्सीच्या धंद्यातून बाहेर पडली. तीसुद्धा मागच्या चाकांवर चालायची. तिच्या मागून येणारा 'घूंऽऽ' आवाज वाढला की 'क्राऊन बोलतोय' हे ड्रायव्हरला कळायचं. आज स्टँडवरच्या बहुतेक टॅक्सी पुढच्या चाकांवर चालतात. त्यामुळे तो आवाज गेला आणि तो ओळखणारे कानही कमी झाले. माझ्या मते खरी गडबड इथेच आहे. बाजारात गाड्या बदलल्या, तसं 'मागे तेल असतं' हे घराघरांतून विसरलं गेलं. पण ईको आणि बोलेरो अजून रस्त्यावर आहेतच की!

आता हिंदमाताकडे येऊ. तिथलं पाणी लवकर ओसरावं म्हणून पालिकेनं प्रमोद महाजन कलापार्क आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली टाक्या बांधल्या. तरी जोराच्या पावसात भरतीची वेळ जुळली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. गुडघ्याच्या जरा खाली पाणी म्हणजे आपल्यासाठी काहीच नाही. ईकोच्या एक्सलसाठी मात्र ते डोक्यावरून जातं. गाडी तासभर चालून डिफरन्शियल तापलेलं असतं. ते अचानक थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ लागते. वर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आत-बाहेर करायला. त्यातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरतं. इंजिन बंद पडलं नाही म्हणून आपण टाळ्या वाजवतो, रील टाकतो. इकडे तेलाचा चहा झालेला असतो, दूध जरा जास्त पडलेला. हे तेल दात्यांना वाचवत नाही, उलट बेअरिंग गंजायला लागतात. पन्नास-साठच्या वेगाला गुणगुण सुरू होते, ॲक्सिलरेटर सोडला की तिचा सूर बदलतो. तरी दुर्लक्ष केलं तर एक दिवस मागची चाकं जाम. हा दिवस कशेडी घाटात उजाडावा असं कोणाला वाटेल?

म्हणून माझं स्पष्ट मत: मागच्या चाकांवर चालणारी गाडी एक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गेली असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. तेल तपासा, दुधाळ दिसलं तर लगेच बदला. मॅन्युअलमधली मुदत कोरड्या, नेहमीच्या वापरासाठी असते. बऱ्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापराचा वेगळा तक्ताही असतो, तो सहसा कोणी उघडत नाही. मुंबईचा पावसाळा त्याच तक्त्यात बसतो.

कोणतं तेल? गॅरेजमध्ये उत्तर येतं, 'नव्वद नंबर टाक.' उत्तर चूक नाही, अपुरं आहे. डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. पहिली जाडी: ७५ डब्ल्यू-९०, ८० डब्ल्यू-९०, ८५ डब्ल्यू-१४०. 'डब्ल्यू'चा आकडा थंडीचा. ७५ डब्ल्यू तेल उणे ४० अंशांला वाहू शकतं याचे जादा पैसे दादरला राहून का मोजायचे, हे मला तरी कळत नाही. अर्थात तुमच्या मॅन्युअलनं तेच सांगितलं असेल तर प्रश्न मिटला. दुसरी गोष्ट दर्जाची, आणि ती जास्त महत्त्वाची: जीएल-४ की जीएल-५. अशा डिफरन्शियलला सहसा जीएल-५ लागतं. जीएल-४ घातलं तर दाते झिजतात. उलट जीएल-५ उरलंय म्हणून ते जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर तिथल्या पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाण्याआधी मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो काढून न्या. 'हे महागातलं आहे, हेच न्या' याला फोटो हे चांगलं उत्तर आहे. लिमिटेड स्लिप किंवा लॉकिंगवालं डिफरन्शियल असेल तर फोटोशिवाय जाऊच नका, त्यांच्या तेलाच्या अटी वेगळ्या असतात.

बदलायचं स्वतः की गॅरेजला? व्हिडिओ बघून चाळीच्या बोळात एका जॅकवर गाडी उचलून खाली सरपटणारे वीर आहेत. कृपा करून हे करू नका. जॅक घसरतो. गॅरेजला द्या, पण बाकड्यावर मोबाइल घेऊन बसू नका, शेजारी उभे राहा. गाडी थोडी चालवून तेल कोमट झालेलं असावं, सपाट जागेवर उभी असावी. आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडायला सांगा. खालचा आधी उघडला, तेल सांडलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी राहील. बाहेर येणारं तेल बघा. काळपट चालतं, दुधाळ म्हणजे पाणी. ड्रेन बोल्टवर लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा नेहमीचा, धातूचे तुकडे दिसले तर मात्र काम मोठं आहे. वॉशर नवा घाला, ब्रीदर साफ करून घ्या. नाहीतर पुढच्या पावसात परत तेच. नवं तेल वरच्या भोकाच्या काठापर्यंत येऊन ओघळायला लागलं की थांबायचं. 'अजून थोडं घाल' नको. जास्तीचं तेल सीलमधून झिरपून मागच्या ब्रेकच्या लायनरवर जाऊ शकतं, आणि घाट उतरताना ब्रेक लागणार नाहीत.

तेल साधारण एक-दोन लिटर लागतं. नव्या एलईडी पट्ट्या आणि स्पीकरवर तुम्ही जेवढे उडवता, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

निघालेलं जुनं तेल कुठे जातं तेही विचारा. वापरलेलं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. गॅरेजच्या पोरानं बादली उचलून समोरच्या पावसाळी गटाराकडे नेली, तर त्याला हाक मारून थांबवा. ते गटार कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय समुद्रात जाऊन मिळतं.