आजोबा, पलटण कुठली?

शहाड स्टेशनवर उतरून बिर्ला गेटमार्गे उल्हासनगरच्या कॅम्प १ कडे निघालो की आपण एका लष्करी छावणीच्या जमिनीवरून चाललो आहोत, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेली ही संक्रमण छावणी. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. पुढे बराकी पडल्या, त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढले. पत्त्यातला बराक नंबर तेवढा टिकला. त्या बराकींत मुक्काम केलेला एकही शिपाई मात्र या शहराला नावानिशी ठाऊक नाही. कुठल्या गावचा होता, ब्रह्मदेशात गेला की इटलीत, घरी परतला की नाही, कुणी लिहून ठेवले नाही.

तोच प्रकार आज पुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडतो आहे. १९६५ च्या युद्धात विशीत असलेला जवान आता ऐंशी ओलांडून गेला आहे. १९७१ चा जवान सत्तरीच्या पुढे आहे. सातारा, सांगली, रत्नागिरी, रायगडकडची अशी माणसे निवृत्तीनंतर मुलांच्या नोकरीपायी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला येऊन राहिली. सोसायटीत त्यांची ओळख एवढीच, की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, सकाळी लवकर फिरायला जातात.

या माणसांकडे काय आहे, हे कळायला टांगाईलचे एक उदाहरण पुरे. ११ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या वरच्या अंगाला, टांगाईलजवळ, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आकाशातून उतरली आणि तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. जमालपूरहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट त्यामुळे अडली. त्या जमालपूरला वेढा घालणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. आणि टांगाईलला उतरलेली पलटण ही मूळची मराठा रेजिमेंटचीच तिसरी पलटण. याच पलटणीतले माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले. सोबतचे सगळे पडले होते. गोळ्या संपल्यावर त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवले आणि ते स्वतः तिथेच कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या घाडग्यांचा माणगावात पुतळा आहे. इटली ते टांगाईल हा धागा शाळेच्या पुस्तकात नाही. तो सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत, आणि दर वर्षी ती कमी होत आहेत.

विचारावे कसे, हेही सांगायला हवे. पोरे उत्साहाने विचारतात, "आजोबा, तुम्ही किती मारले?" आणि म्हातारा माणूस गप्प होतो. हा प्रश्न कुणीही विचारू नये. पलटण कुठली, भरती कुठे झालात, बंकरमध्ये जेवण कुठून यायचे, घरचे पत्र किती दिवसांनी मिळायचे, शेजारी कोण असायचा, असे विचारा. शेजारच्याचे नाव निघाले की पुढचे आपोआप येते. तेही नको असेल तर कपाटातला मेडलचा डबा उघडायला सांगा. १९७१ च्या संग्राम मेडलची कड बोटाने फिरवून पाहिली, तर तिच्यावर सैनिकाचा नंबर आणि नाव ठोकलेले सापडते. पूर्वी स्टार असेल तर माणूस बांगलादेशच्या बाजूला होता, पश्चिमी स्टार असेल तर पाकिस्तानच्या सीमेवर. अनेक घरांत नातवंडांना हे माहीत नसते, कारण कुणी कधी तो डबा उघडलेला नसतो.

आदर म्हणजे १५ ऑगस्टला शाल, श्रीफळ आणि फोटो, एवढ्यावर आपण थांबतो. ते चांगलेच आहे, करावेच. पण त्या माणसाची खरी अडचण उरलेल्या दिवसांत असते. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशीच्या घरात बोटांच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही, आणि ज्याने बर्फात पहारा दिला तो काउंटरपुढे बोट पुन्हापुन्हा पुसत उभा राहतो. चेहरा ओळखून घरबसल्या मोबाइलवर दाखला देण्याची सोय झालेली आहे. शेजारच्या मुलाने दहा मिनिटे दिली तर काम होते. पेन्शनच्या कागदावर बायकोचे नाव माहेरचे असते किंवा चुकीचे लिहिलेले असते. ती दुरुस्ती नवरा जिवंत असताना झाली नाही, तर मागे राहिलेल्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वणवण करावी लागते. माजी सैनिकांच्या घराला मालमत्ता करात सवलत देणारी योजना राज्य सरकारने २०२० मध्ये आणली. तिच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र आणि अर्ज लागतो. ठाण्याला जाऊन रांगेत उभे राहण्याची ताकद ज्याच्यात उरली नाही, त्याला ही सवलत कागदावरच राहते.

कल्याणला दुर्गाडीच्या खाडीकाठी टी-८० ही निवृत्त युद्धनौका आणून ठेवली आहे. मुले तिच्यापुढे हौसेने फोटो काढतात. फार चांगली गोष्ट आहे. अशा नौकांवर उमेदीची वर्षे खर्ची घातलेला एखादा नाविक बदलापूरच्या चाळीत राहत असेल, तर त्यालाही त्या मुलांपुढे बसवून बोलते करायला हवे.

उल्हासनगर महापालिकेने, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांनी आपापल्या हद्दीतल्या ज्येष्ठ माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची प्रभागवार नोंद करावी. कराचा अर्ज भरून घ्यायला कर्मचाऱ्याने त्यांच्या घरी जावे. शाळांनी नववी-दहावीच्या मुलांना मोबाइलवर त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला पाठवावे आणि त्या शाळेत जपून ठेवाव्यात. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. पालिकेचे होईल तेव्हा होईल. तुमच्या इमारतीत असा कुणी असेल, तर या रविवारी त्यांचे दार वाजवा आणि पलटणीचे नाव विचारा.