फवारणीच्या सदऱ्याला खळ

भगिनींनो, मागच्या खेपेस मुलांच्या गणवेशासाठी न चुरगळणारे कापड घ्यावे की साधे सुती, याविषयी लिहिले होते. त्यावर एका भगिनीने विचारले आहे, की 'पाणी न धरणारे' म्हणून जे कापड बाजारात येते, त्याचा सदरा घरच्या माणसाला कपाशीवरच्या फवारणीसाठी शिवून दिला तर चालेल काय? प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर एका ओळीत देण्यासारखे नाही, म्हणून आजची सगळी जागा त्यालाच देते.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते विसरण्यासारखे नाही. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवाऱ्याचे तुषार तोंडावर नि छातीवर येत होते. फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर दवाखान्यात पडले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. कारणे पुष्कळ होती, पण अंगावर भिजलेला सुती सदरा घेऊन दिवसभर काम करणे हे त्यातले एक होतेच. सुती कापड पाणी पिते आणि प्यालेले पाणी कातडीला चिकटवून ठेवते. उन्हाळ्यात तो त्याचा गुण, फवारणीत तोच दोष.

आता पाणी न धरणे म्हणजे काय ते पाहू. मांजरपाटाचा नवा तुकडा पहिल्यांदा धुतला की कडकपणा जाऊन कापड विरविरीत दिसू लागते, हे तुम्ही कितीदा तरी पाहिले असेल. तो कडकपणा सुताचा नसतो, खळीचा असतो. घोंगडी विणणारेही लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. गिरणीत विणून झालेल्या कापडालाही असेच शेवटचे न्हाण घालतात. औषधाच्या पाण्यात कापड बुडवायचे, रुळांमधून पिळून काढायचे, वाळवायचे आणि वर चांगली उष्णता द्यायची, म्हणजे औषध धाग्याला धरून बसते. याला फिनिश म्हणतात. एका औषधाने कापड चुरगळत नाही, दुसऱ्याने चटकन पेट घेत नाही, तिसऱ्याने पाणी धरत नाही. कापड तेच, न्हाण निराळे.

पाणी न धरण्याचे न्हाण मेणाचे असते, सिलिकोनचे असते, नाहीतर फ्लोरिन असलेल्या रसायनाचे. पहिली दोन पाणी अडवतात, पण तेल अडवत नाहीत. तिसरे दोन्ही अडवते. त्याचा शोध गमतीने लागला. 1953 साली अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एका मदतनीस मुलीच्या कापडी बुटावर असले रसायन सांडले. ते काही केल्या निघेना, आणि तेवढ्या जागी पाणीही मुरेना नि तेलही. पॅट्सी शेरमन आणि सॅम्युअल स्मिथ या दोघांनी त्यावरून पुढे कापडावरचे न्हाण तयार केले. मात्र ही रसायने मातीत-पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाहीत असे नंतर दिसून आले, आणि त्यांच्यातल्या पीएफओएस नावाच्या एकावर 2009 साली स्टॉकहोम करारात जगभर निर्बंध आले. तेव्हा हे न्हाणही अगदी निर्धोक समजू नका.

पण आपल्या भगिनीची खरी अडचण वेगळीच आहे. बाटलीतली पुष्कळशी कीटकनाशके तेलकट द्रावणात विरघळवलेली असतात व त्यात साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. म्हणून तर पंपातल्या पाण्यात ओतताच ती दुधासारखी पांढरी होतात. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, थेंब पसरतो. नुसत्या पाण्याचा जो थेंब मोत्यासारखा घरंगळतो, तोच औषधाचा झाला की कापडात शिरू शकतो.

हे घरी पाहता येते. दुकानातून चिंधीएवढा तुकडा मागून आणा. एका कोपऱ्यावर साध्या पाण्याचा थेंब टाका, दुसऱ्यावर चिमूटभर धुण्याची पावडर विरघळवलेल्या पाण्याचा, तिसऱ्यावर गोडेतेलाचा. मिनिट-दोन मिनिटे थांबा. पाणी घरंगळले, पण साबणाचे पाणी नि तेल मुरले, तर ते कापड पावसापुरते आहे, फवारणीचे नव्हे. तिन्ही थेंब वर राहिले तर न्हाण चांगले आहे. हीच परीक्षा पाच-सहा धुण्यांनंतर सदऱ्याच्या पाठीवर पुन्हा करा. धुता धुता न्हाण झिजते, आणि कापड दिसायला तसेच असल्यामुळे आपण फसतो. फ्लोरिनचे न्हाण कधीकधी इस्त्रीच्या उष्णतेने पुन्हा उभे राहते. कपडे मऊ करण्याचे द्रावण मात्र त्याला कधी लावू नये.

म्हणजे उत्तर असे झाले : तुषारांपुरते चालेल, ओतण्यासाठी नाही. बाटलीतले दाट औषध मापताना पुढून प्लॅस्टिकचा कागद बांधायचा, हातात रबरी मोजे घालायचे. पंप पाठीवर असतो, झिरपला तर पाणी पाठीवरून खाली जांघेपर्यंत उतरते, म्हणून पाठ आणि पंप यांच्यामध्येही तसाच कागद हवा. ही हौस नव्हे. पॅराथिऑन या औषधाची माणसाच्या कातडीवर केलेली तपासणी 1971 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. कोपरापुढच्या हातातून जितके औषध अंगात शिरले, त्याच्या चौपट कपाळातून आणि जवळजवळ बारापट अंडकोषाच्या कातडीतून शिरले. लाजेपायी हे कोणी बोलत नाही. तुम्ही घरी बोला.

याच कामी एक नवे न्हाण निघाले आहे, तेही आपल्याच देशात. बंगळुरूच्या इनस्टेम या सरकारी संस्थेने सुती कापडावर ऑक्झाइम जातीचे रसायन पक्के बसवले आहे. विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात ॲट्रोपिनबरोबर पॅमचे इंजेक्शन देतात, ते याच जातीचे. हे कापड औषधाला नुसते अडवत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले विष कापडाला लागले की त्याचा रेणू तिथल्या तिथे मोडतो आणि त्याचा जहरीपणा जातो. डिसेंबर 2024 मध्ये 'किसान कवच' या नावाने त्याचा पोशाख जाहीर झाला. किंमत सुमारे 4000 रुपये सांगितली गेली, आणि धुऊन वर्षभर वापरता येतो असेही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही त्या गटातली नावे. पण आपल्या शेतात निरनिराळ्या गटांची औषधे एकात एक मिसळून मारली जातात, त्या सगळ्यांना हे कापड पुरे पडेल असे धरून चालू नये. शिवाय एका पोशाखाला चार हजार म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाने घ्यायचा तरी कसा? माझ्या मते असली वस्तू गावात पाच-दहा नग ठेवून पंपासारखी फिरती मिळायला हवी.

तोपर्यंत तुमच्या चुलीवर होणारे न्हाण आहे, ते म्हणजे खळ. 1980 नंतरच्या काळात अमेरिकेत शेतकऱ्यांच्या कपड्यांचा अभ्यास झाला, त्यात असे आढळले की दाट खळ दिलेल्या सुती कापडात औषध खळीला धरून राहते, आणि धुताना खळीबरोबर निघून जाते. बिनखळीच्या कापडात तेच धाग्याच्या पोटात शिरते व धुतले तरी थोडे राहतेच. खाकी ड्रिलसारख्या जाड, घट्ट विणीच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा नि विजार शिवा. भाताची पेज गाळून किंवा साबुदाणा शिजवून दाट खळ करा आणि दर धुण्यानंतर नव्याने द्या. परीटघडीच्या पांढऱ्या सदऱ्याला देता त्याहून दाट. मात्र खळ म्हणजे चिलखत नव्हे. सदरा ओला झाला की काम थांबवून तो काढायचा आणि अंग साबणाने धुवायचे. पाणी न धरणाऱ्या कापडाला खळ देऊ नका, दोन्ही वाया जातील.

आता धुण्याविषयी, कारण ते काम तुमच्याकडे येते. फवारणीचा सदरा आणि तान्ह्याची लंगोटी एकाच बादलीत भिजत घातलेली मी पाहिली आहे. असे कधी करू नका. बादली वेगळी ठेवा, हातात रबरी मोजे घाला, सदरा त्याच दिवशी धुवा. शिळा झाला की औषध पक्के बसते. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात जास्त पावडर घालून काठीने घुसळा, पाणी बदलून पुन्हा तेच करा. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका. बाटलीतले दाट औषधच सदऱ्यावर सांडले असेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता सदरा टाकून द्या. नव्या सदऱ्याचे पैसे जातात, पण असा कपडा दहा धुण्यांनीही निर्मळ होत नाही.

वाळत घालताना घरच्या दोरीवर नको, कुंपणाकडे वेगळी तार बांधा, चांगले ऊन लागू द्या. आणि खुंटी गोठ्यात ठोकू नका. घामाच्या मिठासाठी गुरे सदरा चाटतात.