कोळ्याचें पिलूं घेण्यापूर्वीं

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एक पत्र नेहमींच्या पत्रांहून अगदीं निराळें होतें. लिहिणाऱ्या वाचक-भगिनींचा नातू इंग्लंडांत शिकावयास आहे. त्यानें टॅरंट्युला कोळ्याचें पिलूं विकत घेऊन पाळण्याचा बेत केला असून घरांतील वडील मंडळी त्यामुळें चिंतेंत पडली आहेत. झाडूनें काढून टाकावयाची वस्तु पैसे देऊन घरांत आणावी काय, आणि आणलीच तर तिचें करावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलगा सुबुद्ध आहे. तेव्हां नुसतें 'नको' म्हणून भागणार नाहीं. त्यास योग्य ते प्रश्न विचारावे, हा मार्ग आम्हांस अधिक बरा वाटतो.

प्रथम नांवाविषयीं. टॅरंट्युला हा शब्द इटलींतील टारांटो या गांवावरून आला. तेथील ज्या कोळ्याच्या दंशावर लोक बेफाम नाचण्याचा उपाय करीत, तो कोळी निराळ्याच कुळांतला. पुढें तेंच नांव अमेरिकेंतील मोठ्या केसाळ कोळ्यांस चिकटलें. आपल्याकडे सुश्रुतानें कल्पस्थानांत लूतांचे सोळा प्रकार वर्णिले असून त्यांतील निम्म्यांचा दंश असाध्य ठरविला आहे. उलट उपनिषत्कारांस जगदुत्पत्तीच्या दृष्टांतासाठीं हाच ऊर्णनाभ सांपडला. असो.

नवशिक्याला बहुधा मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील तांबड्या गुडघ्यांचा कोळी सुचविला जातो; त्याचें शास्त्रीय नांव ब्रॅकिपेल्मा हामोरी. स्वभावानें तो शांत आहे व त्याचें विष माणसाच्या जिवावर बेतणारें नाहीं. परंतु याची मादी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षें जगते. नर त्या मानानें अल्पायुषी. वयांत आल्यावर तो फार काळ टिकत नाहीं. पिलूं हातीं येतें तेव्हां तें नर कीं मादी हें ओळखतां येत नाहीं. म्हणजे एकोणिसाव्या वर्षीं घेतलेला हा प्राणी नातवाच्या मुलांच्या मुंजी पाहूं शकेल! नोकरी लागेल, बिऱ्हाडें बदलतील, लग्न होईल, येणाऱ्या सुनेस आठ पायांचें हें माणूस घरांत चालेल कीं नाहीं कोण सांगणार? आजीबाईंनीं पहिला प्रश्न हा विचारावा.

दुसरा प्रश्न विक्रेत्याचा. गाय घेतांना आपण तिचे दांत, सड पाहतों आणि कोणाच्या गोठ्यांतली हेंहि विचारतों. येथें तर गोठाच सर्वांत महत्त्वाचा. हे कोळी फार सावकाश वाढतात; मादीस वयांत येण्यास कित्येक वर्षें लागतात. रानांतून मोठ्या माद्या उचलून नेल्या तर ती जागा पुन्हां भरावयास फार काळ जातो. याच व्यापारामुळें मेक्सिकोंतील या तांबड्या गुडघ्यांच्या कोळ्यांवर १९८५ सालीं आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आलें. वास्तविक एका कोशांतून शेंकडों पिलें निघतात. पाळलेल्या मादीपासून पिलें मिळत असतां रानांत हात घालण्याचें कारणच उरत नाहीं. म्हणून चांगला विक्रेता पिलूं कोणाकडे व केव्हां निपजलें हें न अडखळतां सांगतो, शास्त्रीय नांव लिहून देतो, आणि शेवटची कात केव्हां टाकली हेंहि त्यास ठाऊक असतें. जो नुसतें 'मेक्सिकोचा आहे' म्हणून मोठा कोळी स्वस्तांत पुढें करतो, त्याच्यापासून दूर राहावें. इंग्लंडांत ब्रिटिश टॅरंट्युला सोसायटी म्हणून या शौकिनांची संस्था आहे. अशा जाणत्यांकडे चौकशी करून मगच पाकीट उघडावें.

हें सर्व परदेशाचें म्हणून सोडून देतां येणार नाहीं. मुरारराव घोरपड्यांची गुत्ती आपणां सर्वांस इतिहासांतून माहीत आहे. त्या गुत्तीस १८९९ सालीं पोकॉक या शास्त्रज्ञानें एका निळ्याभोर कोळ्याची नोंद केली. त्यानंतर शंभर वर्षें तो दिसल्याची वार्ता नव्हती. २००१ सालीं नंद्याळ व गिद्दलूर यांमधील जंगलांत तो पुन्हां सांपडला. २००८ सालीं त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली आणि २०१९ सालीं त्याचें सबंध कूळ वरील कराराखालीं आलें. तरी युरोप-अमेरिकेच्या बाजारांत त्याचीं पिलें विकत मिळतात! मूळचीं जोडपीं येथून कोणाच्या परवानगीनें गेलीं, हें विचारावेंसें वाटतें. नातवास निळ्या रंगाचा मोह पडला तर त्याला गुत्तीची ही कथा सांगावी. शिवाय या कुळाचा दंश फार वेदना देतो व पेटके आणतो. तें काम नवशिक्याचें नव्हे.

आणखी एक. सुटींत येतांना डबी खिशांत घालून कोळी इकडे आणण्याचा विचारहि करूं नये. परवानगीवांचून असा प्राणी आणणें गुन्हा आहे. आणि आपल्या वन्यजीव कायद्यांत २०२२ सालीं जी सुधारणा झाली, तीप्रमाणें करारांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणीहि करावी लागते.

संगोपन त्या मानानें सोपें आहे. त्यांत करण्यापेक्षां न करण्याचाच भाग अधिक. नवें पिलूं मसुरेच्या डाळीएवढें असतें. त्यास मोठी कांचपेटी दिली तर तें भक्ष्यापर्यंत पोंचत नाहीं. बोटभर उंचीची, बारीक छिद्रें पाडलेली डबी पुरे. मात्र छिद्रांतून पिलूं निसटतां कामा नये. नारळाच्या काथ्याचा भुसा अर्ध्याहून अधिक भरून दाबावा, म्हणजे त्यास बीळ करतां येतें. भुशाची एक बाजू किंचित् ओली ठेवावी, चिखल करूं नये. लहान पिलूं मोठ्या कोळ्यापेक्षां लवकर सुकतें. म्हणून वर दिवा टांगून ऊब देण्याचा उद्योग घातक होय. माणसास सुखाची वाटेल ती खोली त्यासहि चालते.

खाणें आठवड्यांतून एक-दोनदां: बिनपंखी फळमाशी किंवा मेलेल्या लहान रातकिड्याची तंगडी. आपल्या मंडळींस हें वाचून कसेंसेंच होईल, पण त्यास दूधभात चालत नाहीं. घांस त्याच्या पोटाहून मोठा नसावा आणि उरलेलें दुसऱ्या दिवशीं काढून टाकावें. पोट फुगून काळसर झालें, खाणें नाकारलें, बिळाचें तोंड रेशमानें बंद केलें, म्हणजे कात टाकण्याची वेळ आली. त्या वेळीं हा प्राणी उताणा पडून पाय वर करतो. मेला समजून कित्येकांनीं त्यास फेंकून दिलें आहे! मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखालीं मुडपलेले असतात, हा भेद लक्षांत ठेवावा. कात टाकल्यावर दांत पांढरे व मऊ असतात. ते काळे होईपर्यंत खाणें देऊं नये, डबीस हातहि लावूं नये.

हातावर खेळविणें तर मुळींच नको. उंचावरून पडल्यास त्याचें पोट फुटतें, आणि मोठेपणीं हा कोळी पाठीवरचे केस झाडतो; ते डोळ्यांत गेल्यास फार आग होते. खोलींत डासांची उदबत्ती किंवा कीटकनाशकाचा फवारा वापरूं नये, कारण जें डासास मारतें तें कोळ्यासहि मारतें. सुटीसाठीं महिनाभर घरीं यावयाचें असेल तर जाणत्या सोबत्याकडे डबी द्यावी व आठवड्यास एकदां भुशाची एक बाजू ओली करून छोटासा घांस ठेवण्यास सांगावें. दहा दिवसांची गैरहजेरी असेल तर निघण्याच्या आधीं भुसा ओला करून ठेवावा. बाकी कांहीं करावें लागत नाहीं.