संगणकांची हजेरी

मुलांनो, वर्गात हजेरी घेताना कधी कधी गंमत होते. नंबर पुकारला की मागच्या बाकावरून 'हजर बाई' असा आवाज येतो. मान वर करून पाहावं, तर तो नंबर ज्याचा, तो शाळेतच आलेला नसतो! शेजारच्याने मैत्रीखातर त्याची हजेरी लावलेली असते. म्हणून मी आवाजावर जात नाही, चेहरा बघते. पण संगणकांच्या बाबतीत मात्र मी सपशेल फसले. तीच गोष्ट आज सांगते.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आहे. सगळ्या संगणकांत व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम, म्हणजे अँटिव्हायरस आहे. दर महिन्याला मी रजिस्टरात लिहायची, 'सर्व संगणकांचे स्कॅन झाले. ठीक.' आणि खाली सही. मी पाहायची काय, तर पडद्याच्या कोपऱ्यातलं त्या प्रोग्रॅमचं चिन्ह. चिन्ह दिसलं की माझं काम झालं!

मग सातवीच्या मुलांनी गावातल्या आजी-आजोबांना भेटून जुन्या आठवणी गोळा केल्या. दोन महिने खपून त्या टाईप केल्या. छापायला देण्यासाठी एका मुलीने पेनड्राईव्ह नेला. दुकानात उघडून पाहते तो काय, सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट! हा एका जातीच्या व्हायरसचा उद्योग. तो खऱ्या फाईली लपवतो आणि त्यांच्या जागी आपली पिलावळ ठेवतो.

मी त्या मुलीवर चिडले. सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "कुठून कुठून व्हायरस आणता आणि शाळेचं नुकसान करता!"

तिचे डोळे भरून आले. हळूच म्हणाली, "बाई, पेनड्राईव्ह नवा होता. मी तो फक्त आपल्या तीन नंबरला लावला होता."

शाळा सुटल्यावर मी तीन नंबरसमोर बसले. या वेळी चिन्ह पाहिलं नाही, प्रोग्रॅम उघडला. आत दोन तारखा होत्या : शेवटचा स्कॅन कधी झाला आणि शेवटचं अपडेट कधी झालं. दोन्ही पाच महिन्यांपूर्वीच्या!

स्कॅन म्हणजे झडती. प्रोग्रॅम एकेक फाईल तपासतो. पण चोर ओळखायचा तर चोरांची यादी ताजी हवी. ती ताजी करणं म्हणजे अपडेट. झडती नियमित आणि यादी नवी, या दोन्ही गोष्टी असल्या तरच पहारा खरा.

मग असं झालं कसं? स्कॅन आणि अपडेट दोन्हींची वेळ होती शुक्रवारी दुपारी एक. नेमकी मधली सुट्टी! वीज वाचावी म्हणून त्या रांगेचं बटण आम्हीच बंद करायचो. संगणकच बंद, तर झडती घेणार कोण? चुकलेला स्कॅन नंतर आपोआप चालवायची सोय असते, पण तीही आम्ही सुरू केली नव्हती. आठ नंबरची तऱ्हा वेगळीच. त्याच्या आतलं घड्याळाचं सेल संपलेलं. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, त्यामुळे अपडेट येईना.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच मी त्या मुलीला म्हटलं, "चूक माझी होती. न बघता सही केली मी, आणि बोलणी खाल्लीस तू." मोठ्यांनीही चूक कबूल करावी, मुलांनो. फाईली नुसत्या लपलेल्या होत्या, म्हणून माहितगार माणसाच्या मदतीने परत मिळाल्या. दर वेळी असं नशीब साथ देत नाही.

मग ती मुलगीच म्हणाली, "बाई, ऑफिसातला संगणक कोण बघतं?" मी चाट पडले! तो माझ्या यादीतच नव्हता. ज्याचं नावच पटावर नाही, तो गैरहजर आहे हे कळणार तरी कसं?

ही चूक फक्त आमच्यासारख्या छोट्या शाळेत होते असं समजू नका. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडमधल्या २३६ सरकारी आरोग्य संस्थांपैकी सुमारे ८० संस्थांना त्याची झळ बसली. रुग्णांना दिलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. तिथे प्रश्न स्कॅनचा नव्हता, अपडेटचा होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता. तो बसवा, अशा सूचनाही गेल्या होत्या. पण सूचना प्रत्येकाने पाळली की नाही, हे तपासायची पक्की पद्धत नव्हती, असं नंतरच्या सरकारी हिशेब तपासणीत आढळलं. म्हणजे सांगणं झालं, बघणं राहिलं!

मोठ्या कचेऱ्यांत सगळ्या संगणकांच्या तारखा एकाच पडद्यावर दिसतात. तिथेही शहाणा माणूस आपली यादी त्या पडद्याशी ताडून पाहतो. आमच्याकडे तो पडदा नाही, पण वही आहे. तिच्यात रकाने चार : संगणकाचा नंबर, शेवटचा स्कॅन, शेवटचं अपडेट, काय सापडलं. दर शनिवारी दोन मुलं माझ्यासोबत बसून ती भरतात. 'ठीक' हा शब्द लिहायला बंदी आहे, तारीखच लिहायची!

आता तुमचा गृहपाठ. आई-बाबांना सोबत घेऊन घरचा संगणक उघडा. विंडोज असेल तर 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' पाहा. दोन्ही तारखा वहीत लिहा. बाहेरून आलेला पेनड्राईव्ह उघडण्याआधी वेगळा स्कॅन करा, कारण रोजच्या स्कॅनमध्ये तो बहुधा येत नाही.

आणि पालकहो, 'आमच्याकडे अँटिव्हायरस आहे' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. मीही तशीच होते!