रंगासारख्या किरकोळ कारणावरून

गेल्या श्रावणात आमच्या सल्ला केंद्रात वाशी तालुक्यातल्या एका गावाहून अर्ज आला. अर्जदार नवरा. 'पत्नी क्षुल्लक कारणावरून माहेरी निघून गेली असून नांदावयास येत नाही, तरी तिची समजूत काढावी.' नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'घराच्या रंगावरून वाद. किरकोळ.' दारू, मारहाण, संशय, दुसरं लग्न हे लिहून लिहून हात बसलेला. त्यात हे म्हणजे विरंगुळाच वाटला. खोटं कशाला सांगू, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तो अर्ज वाचून दाखवताना मी हसलेसुद्धा.

तारखेला तिघं आली. नवरा, बायको आणि सासू. चार वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन खोल्या, वर स्लॅब, भिंती तशाच उघड्या. बायकोने बचत गटातून कर्ज उचललं आणि गिलावा करून घेतला. मग रंगाचा प्रश्न आला. पेंटरने शेडकार्ड आणून दिलं. नवऱ्याने फिकट राखाडी धरला, कारण पुण्याला मित्राच्या फ्लॅटमध्ये तो बघितलेला. घर रस्त्याला लागून, धूळ फार, पोरं भिंतीला हात पुसतात. राखाडीवर मळ दिसत नाही. बायकोला हवा होता शाळूच्या पिठाचा रंग. कार्डावर त्याला भलतंच इंग्रजी नाव होतं, पण तिने त्यावर नखाने खूण करून ठेवली होती. सासूबाईंचं तिसरंच. त्यांना नीळ घातलेला पांढरा. "निळीनं भिंत गार दिसती, बाई. ह्ये पिवळट म्हंजी धुरकटल्यावानी."

तिन्ही रंग तसे बिनबोभाट. कुणाच्या डोळ्यांत भरतील असे नाहीत. आपल्याकडे भगवा, हिरवा, निळा म्हटला की घराची जात नि धर्म रस्त्यावरूनच वाचता येतो. त्यामुळे बरीच माणसं असा काहीच न सांगणारा रंग शोधतात. पण घराच्या आत तो काहीच सांगत नाही, असं मात्र नाही.

पंचमीला ती चार दिवस माहेरी गेली. परत आली तर सगळं घर राखाडी, स्वयंपाकघरसुद्धा. तिने पिशवी खाली ठेवली, दोन्ही खोल्या बघितल्या, पिशवी उचलली आणि आल्या वाटेने माघारी गेली.

"मॅडम, मी दारू पीत न्हाई, हात उचलत न्हाई. रंगावरनं कोण नांदायचं सोडतं का?" नवरा म्हणाला. माणूस खोटं बोलत नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "ताई, सैपाकघराला एकच खिडकी हाय. त्या रंगात दुपारी बी दिवा लावावा लागतो. तांदळातला खडा दिसत न्हाई. आन् दिवसभर तिथं मी असते, ह्ये न्हाईत. हप्ता मी भरते. मला निस्तं इचारायचं तरी होतं."

मी 'किरकोळ' खोडलं.

यावर चळवळीतल्या काही मैत्रिणींची नाराजी मला ठाऊक आहे. मीही ती कधीकाळी बोलून दाखवलेली आहे. बायका जाळल्या जातात, पोरींची लग्नं पंधराव्या वर्षी लागतात, आणि तुम्ही शेडकार्ड घेऊन काय बसता? रंगाची आवडनिवड हे पोट भरलेल्यांचे चोचले. पण बाईला आवडनिवड असू शकते हेच जिथे कुणाच्या मनात येत नाही, तिथे तिच्या शेतीबद्दलच्या, मुलीच्या शिक्षणाबद्दलच्या किंवा स्वतःच्या ऑपरेशनबद्दलच्या मताला जागा कुठून मिळणार? रंगाच्या वेळी तर नवऱ्याचं काही बिघडणार नव्हतं. तरी विचारलं गेलं नाही. ते मनातच आलं नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते.

त्या बैठकीत सासूबाई एक गोष्ट बोलून गेल्या. "आमच्या टायमाला कुनी इचारत नव्हतं, पर रंग आमचाच आसायचा."

हे नीट समजून घ्यायला हवं. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या भिंती, लाकडाचे खण आणि वर माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर. गावठाणाला आपण 'पांढरी' म्हणतो आणि शेताला 'काळी'. काळीत नाव पुरुषाचं, पांढरीत राबणारा हात बाईचा. नवरात्राआधी दसरा काढायचा म्हणजे गोधड्या-वाकळा धुवायच्या, भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. ज्यांना परवडे त्यांच्याकडे चुनकळी भिजत घालायची, डिंक नि नीळ मिसळून कुंच्याने हात मारायचा. नीळ किती, हे घरची बाई ठरवी. कुणाची भिंत निळसर, कुणाची खडूसारखी, कुणाची नुसती मातकट. आमच्याजवळच येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत भाविक चुन्याच्या रानात जाऊन चुनखडीचे खडे वेचतात. चुन्याचं असं अप्रूप या मुलखाला आहे.

याचे गोडवे गायचा माझा विचार नाही. चुन्याने बोटं फाटत. शेणात हात घालून कंबर धरे. आणि गावकुसाबाहेरच्या बाईला स्वतःच्या भिंतीआधी दुसऱ्याच्या वाड्याच्या भिंती पोताराव्या लागत. तो निर्णय बायकांकडे होता, कारण ते काम कुणाला नको होतं. हक्क म्हणून तो कुणी दिलेला नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली कितीतरी माळवदाच्या मातीखाली. उमरगा-लोहाऱ्यासारखा तडाखा आमच्या वाशी-भूमला बसला नाही, पण मातीच्या घरावरचा विश्वास इथेही उडाला. हळूहळू पत्रा आला, स्लॅब आला. त्यानंतरच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घराची भिंत कशी बांधावी यावर बायका चारचौघांत बोलल्या, ही लहान गोष्ट नव्हे. पण घर एकदा सिमेंटचं झालं की त्यात गवंडी, ठेकेदार, पेंटर आले. हे सगळे बोलतात 'मालकाशी'. सारवणाचा त्रास गेला, बरंच झालं. त्याच्याबरोबर बाईच्या हातातला कुंचाही गेला आणि त्या जागी शेडकार्ड आलं ते नवऱ्याच्या हातात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आयलीन ग्रे या आयरिश बाईने १९२६ ते १९२९ या काळात एक घर उभं केलं. पांढऱ्या, शांत भिंतींचं. घराची मालकी मात्र तिचा जोडीदार जाँ बादोविची याच्याकडे. दोघं वेगळे झाले. पुढे १९३८-३९ मध्ये त्याचा मित्र ल कॉर्बुझिए तिथे राहायला आला आणि त्याने तिच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. तिला विचारलं नाही. आपल्या चंडीगडचा आराखडा ज्याने केला, तोच हा. आणि गंमत बघा, १९२५ साली प्रत्येक घराच्या भिंती पांढऱ्या कराव्यात असं यानेच लिहिलं होतं. ग्रेला तो आपल्या घराचा विध्वंस वाटला. पण मालकाची हरकत नव्हती!

तर प्रश्न शेवटी मालकाशी येतो. मी त्या नवऱ्याला विचारलं, घर कुणाच्या नावावर? "माझ्याच की." कर्ज? "गटाचं, तिच्या नावावर." सासूबाईंच्या नावावर काय? त्यावर तिघंही गप्प बसली.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि आम्ही तो रोज वापरतो. पण राहू देणं वेगळं, घर तिचं असणं वेगळं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, केंद्राने २००५ साली. नवऱ्याच्या घराचं काय? ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठवर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावावं, असा शासन निर्णय २००३ चा आहे. 'घर दोघांचे' म्हणून त्याची मोहीमही झाली. मी गटांच्या बैठकांत विचारते, किती जणींचं नाव लागलंय? हात वर येतात ते बोटांवर मोजण्याइतके. त्यातही काही जणी चाचरत, "लागलं आसंल" म्हणतात.

माझं गटांना सांगणं एवढंच आहे. घरासाठी कर्ज देताना परतफेडीच्या हमीबरोबर नमुना आठचा उतारा मागा. बाईचं नाव नसेल तर आधी अर्ज द्यायला लावा, मग पैसे सोडा. बँक जमिनीचे कागद मागते तेव्हा कुणाला अपमान वाटत नाही, तर गटाने का लाजावं? आणि पेंटर आला की त्याला तीन शेड भिंतीवर हातभर लावून दाखवायला सांगा, एक सकाळच्या उन्हात बघा, एक संध्याकाळी दिव्यात. कार्डावरचा आणि भिंतीवरचा रंग कधीच एक नसतो. घरातल्या सगळ्यांनी भांडून घ्यावं. सासू-सून एका मताच्या होतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्या बैठकीत नवरा थंड झाल्यावर या दोघीच अर्धा तास भांडल्या, आणि मला मध्ये पडायची गरज वाटली नाही.

ती महिन्याने नांदायला आली. मधल्या काळात सासूबाईंनी सून नसताना स्वयंपाकघराच्या एका भिंतीवर नीळ घातलेला चुना मारून बघितला होता. प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही. आठवड्यात पापुद्रे निघाले आणि सगळं डाळीच्या पातेल्यात पडलं. आता खरवडायचं काम सुनेच्या वाट्याला आलं, त्यावरून पुन्हा बोलाचाली. नाव लावण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे. ग्रामसेवक म्हणाले, पुढच्या मासिक सभेत घेऊ. दोन सभा झाल्या. तिसरीला मी जाणार आहे.