विक्रीचे उद्दिष्ट कोणी ठरवायचे?

ग्रामसभांनी आता व्यावसायिक व्हावे, विक्री समितीला उद्दिष्ट आखून द्यावे आणि फलिते आकड्यांत मोजावीत, असा उपदेश चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागाला करणाऱ्यांची हल्ली वाण नाही. उपदेश मुळात वाईट नाही. आकडा म्हटला की भांडवलशाहीचा वास येतो म्हणून आपल्यातले काही साथी नाक मुरडतात. त्यांनी आठवावे की, बल्लारपूरच्या कागद गिरणीला सरकार दशकानुदशके बांबू देत राहिले, तेव्हा किती तोडला आणि किती उरला याचा हिशेब गावाच्या हाती नव्हता. मोजणे ही मालकवर्गाची मिरासदारी नव्हे. काय मोजायचे हे कोण ठरवणार, एवढाच वाद आहे.

ज्यांच्या नावावर हे तंत्र खपवले जाते त्या पीटर ड्रकर यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाला आत्मनियंत्रणाची जोड दिली होती. पुढे इंटेल कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी त्याला मोजता येणाऱ्या फलितांची चौकट दिली. १९९९ साली ती गूगलमध्ये गेली. तेथून जगभरच्या विक्री विभागांत पोहोचेपर्यंत आत्मनियंत्रण वाटेत कोठे गळून पडले कोण जाणे! उरले ते वरून खाली लादलेले ‘टार्गेट’.

तेच आता तेंदूपत्त्याला लावू पाहतात. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. यंदा इतक्या गोण्या, इतका भाव, असे कागदावर लिहिणे सोपे आहे. परंतु भाव समितीच्या हाती नाही. २०१७ साली तो चढला, २०१८ साली कोसळला. पाने तोडणारे हात तेच होते. हाती असतात त्या फक्त गोण्या. मग सारा जोर गोण्यांवर येतो, कोवळी पाने अधिक फुटावीत म्हणून झाडे छाटली जातात, रानाला आग लावली जाते. शिवाय करारातली रक्कम वेगळी आणि बँकेत जमा झालेली वेगळी. ठेकेदार पाने उचलून नेतो आणि पैसे थकवतो, हे अनेक ग्रामसभांनी सोसले आहे. तरी विक्री म्हणून मिरवली जाते ती करारातली रक्कम! अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असा हिशेब मांडला असता, तर मी त्याला नापास केले असते.

उद्दिष्ट लिहायचेच तर असे लिहावे : जंगल न खचता गावाला अधिक दिवसांची मजुरी मिळावी. मग फलितेही निराळी होतील. पाने फळीवरून हलण्यापूर्वी किती रक्कम जमा झाली, मजुरी किती दिवसांत हाती पडली, त्यातली किती बायकांच्या स्वतःच्या खात्यात गेली, किती हेक्टर रान वणव्यावाचून राहिले. हे आकडे समितीने नव्हे, सभेने ठरवावेत; बदलायचे झाल्यास सभेनेच बदलावेत.

हे स्वप्नरंजन नव्हे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या विक्रीमागे गावातल्या अभ्यासगटांची वर्षानुवर्षांची खटपट होती. कोणा सल्लागाराचा तक्ता नव्हता. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव तर आणखी पुढे गेले. २०१२ साली वनहक्क मिळाल्यावर गावाने बांबू विकून रोजगार उभा केला; तेंदूपत्ता मात्र तोडायचाच नाही असे ठरवले, कारण छाटणी आणि आग ही जंगलाच्या मुळावर येतात. झाडे राहिली तर टेंभरे तरी खायला मिळतात.

विक्री व्यवस्थापकाच्या तक्त्यात पाचगावच्या तेंदूपुढे शून्य लिहावे लागेल. ते शून्य अपयश मानायचे की फलित, हे त्याने पाचगावच्या सभेत उभे राहून सांगावे.

पाने तुटतात मे महिन्यात, सौदे त्याच्या कितीतरी आधी होतात. आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न त्यापूर्वीच्या ग्रामसभेत मांडावा आणि रक्कम जमा झाल्यावाचून गोणी हलणार नाही ही अट करारात घालून घ्यावी.