लिडियाचा निवाडा कोणी करावयाचा?

कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ साली निघाली. तीत अमेरिकेत धर्माच्या नावाने गिलियड नामक हुकूमशाही येते. राज्यघटना गुंडाळली जाते, स्त्रियांच्या नोकऱ्या व बँकेतील पैसा हिरावला जातो, आणि वाचन हा त्यांच्यासाठी गुन्हा ठरतो. २०१९ साली तिचा उत्तरभाग ‘द टेस्टामेंट्स’ आला व त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाचा सहमानकरी झाला. तो मी नुकताच वाचून संपविला.

कादंबरी म्हणून पहिला ग्रंथच सरस होय. उत्तरभागातील दोन मुलींची सुटका फारच सोयीने घडते. तरीही हा ग्रंथ आपण वाचावा, असे मी आग्रहाने सांगतो. त्याचे कारण लिडिया.

पहिल्या ग्रंथात स्त्रियांना छळणारी ही बाई पूर्वी न्यायाधीश होती, हे येथे कळते. तिला क्रीडांगणात डांबतात, अंधारकोठडीत ठेवतात, आणि अखेर हाती बंदूक देऊन इतर स्त्रियांवर झाडावयास सांगतात. ती झाडते. पुढे स्त्रियांना जखडणारे नियम रचण्यात तीच पुढाकार घेते. मात्र राज्यकर्त्यांच्या गुन्ह्यांचे पुरावेही ती गुपचूप साठविते, आणि तेच पुरावे त्या राज्याच्या मुळावर येतात.

मी वकील असल्याने येथे थबकलो. पुरावा जपला म्हणून अपराध धुतला जातो काय? माझे मत, नाही. माफीचा साक्षीदार शिक्षेतून सुटतो; तो निर्दोष ठरत नाही. शिवाय माफी न्यायालयाने द्यावयाची असते, ज्याची त्याने घ्यावयाची नसते. कायदा न जाणणाऱ्याने भीतीपोटी मान तुकविली, तर त्याची कीव येते. कायदा जाणणाऱ्याने आपली विद्या जुलमाच्या चाकरीस लावली, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे.

दुसरे पात्र ॲग्नेस. ती तरुणपणी अक्षरे शिकते व बायबल स्वतः उघडते. एका स्त्रीच्या हत्येची कथा तिला शाळेत त्यागाची कथा म्हणून शिकविलेली असते. मूळ पानावर त्याग कोठेच नसतो, नुसते क्रौर्य असते. बालपणापासूनची तिची श्रद्धा त्या क्षणी हादरते.

वाचनबंदी कशासाठी घालतात, हे आपणांस मी सांगावयास नको. घरातील मुलींनाही हा ग्रंथ वाचू द्या. लिडिया आपला निवाडा पुढच्या वाचकावर सोपविते; तो माझ्या शब्दावर न विसंबता तुम्ही स्वतः वाचून करा.